कोरा ताका, रंगीत ताका: इंग्लंडची कॉकेन योजना (1614–1617)

1614 साली लंडन बंदरातून इंग्रज व्यापाऱ्यांनी सुमारे 1,27,000 ताके लोकरी कापड परदेशी पाठवलं. 1616 साली हाच आकडा सुमारे 88,000 वर आला. मधल्या दोन वर्षांत ना मोठं युद्ध झालं होतं, ना लोकरीचं पीक बुडालं होतं. घडलं होतं ते एवढंच की राजा पहिल्या जेम्सने फर्मान काढून रंग न दिलेलं कोरं कापड देशाबाहेर न्यायला बंदी केली होती, आणि ज्यांच्या हातात हा व्यापार होता त्यांच्याकडून तो काढून दुसऱ्यांना दिला होता. विल्यम कॉकेन या लंडनच्या व्यापाऱ्याच्या योजनेतून आलेलं हे फर्मान, त्यामागचा हिशेब आणि तो चुकला कुठे, हा या प्रकरणाचा विषय.

आपल्याकडे या कापडाला बनात म्हणत. लालभडक असलं की सकलाद. सुरतेच्या वखारीत इंग्रज पहिल्यापासून ही बनात घेऊन येत होते आणि परत जाताना नीळ नेत होते. पण सुरतेला येणारा माल रंगवून, कातरून, दाबून तयार केलेला असे. वाद होता तो दुसऱ्या, कितीतरी मोठ्या मालाचा: ग्लॉस्टरशर आणि विल्टशरमध्ये विणलेल्या, पांढऱ्या आणि अपुऱ्या अवस्थेत हॉलंडला व जर्मनीला जाणाऱ्या बनातीचा.

ताका कसा तयार होतो

हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं थांबून बघू.

जकातीच्या वहीत एक ताका म्हणजे 28 वार लांब, पावणेदोन वार रुंद आणि 64 रत्तल वजनाचा धरत. आजच्या मापात साधारण 25 मीटर लांब, 1.6 मीटर रुंद, 29 किलो. प्रत्यक्षात ताके यापेक्षा लहानमोठे असत. जकातदार त्यांचा हिशेब करून या प्रमाण ताक्यात मांडत. वरचे 1,27,000 आणि 88,000 हे आकडे याच प्रमाण ताक्यांचे आहेत.

रुंद मागावर दोन विणकर दोन बाजूंना बसत आणि धोटा एकमेकांकडे फेकत. मागावरून उतरलेलं कापड तेलकट, विरळ, जवळजवळ जाळीसारखं असे. ते पाणचक्कीवर नेऊन मुलतानी मातीच्या पाण्यात लाकडी हातोड्यांखाली कुटत. मुलतानी माती तेल ओढून घेते, आणि कुटण्याने लोकरीचे तंतू एकमेकांत असे अडकतात की कापड लांबीरुंदीला आटतं आणि जाड होतं. मग ते ओलं असतानाच लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून उन्हात वाळवत. इथपर्यंतचं काम विणकामाच्या जिल्ह्यातच होई, आणि इथपर्यंत आलेला ताका म्हणजे कोरा पांढरा ताका. लंडनहून जायचा तो बहुतेक असाच.

पुढचं काम निराळ्या कारागिरांचं. टीझल नावाच्या झाडाची काटेरी बोंडं चौकटीत बसवून ओल्या कापडावर ओढत. बोंडाचे आकडे लवचीक असतात, तंतू तोडत नाहीत, फक्त वर उचलतात. त्याने कापडावर लव उभी राहते. मग कापड सुकवून मऊ गादीच्या कलत्या फळीवर पसरत आणि चार फुटांच्या आसपास लांबीच्या, 40 रत्तल नि त्याहूनही जड अशा कात्रीने ती लव एकसारखी कातरत. एक पातं कापडावर निजलेलं, दुसरं त्यावर सरकणारं. हात जरा जड पडला की कापडावर खाच, हलका पडला की लव पट्ट्यापट्ट्यांनी उंचसखल. उत्तम बनातीला हे लव काढणं आणि कातरणं एकदाच करून भागत नसे, अनेक वेळा करावं लागे. विणकामाचे धागे दिसेनासे होऊन कापड मखमलीसारखं लागलं तरच ते उतरलं म्हणायचं.

आणि रंग. निळ्यासाठी वोआडची पानं आणि नीळ, तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या जातीची मॅडर किंवा कोचिनील किडा, आणि रंग धरावा म्हणून तुरटी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. तुरटीचा धंदा जेम्सने आधीच सरकारी मक्त्यात घेतला होता. यॉर्कशरमध्ये काढलेली तुरटी विकली जावी म्हणून परदेशी तुरटीला बंदी होती. म्हणजे ज्या कामाला राजाला उत्तेजन द्यायचं होतं, त्याच कामाच्या मूळ सामग्रीची बाहेरची वाट त्याने स्वतः बंद केलेली होती.

कोऱ्या ताक्याचं उरलेलं सगळं काम हॉलंडमध्ये होई. डच कारागीर लव काढत, कातरत, रंगवत, आणि डच व जर्मन व्यापारी ते कापड मध्य युरोपभर विकत. हॉलंडच्या रंगाऱ्यांचा हात इंग्रजांपेक्षा सरस होता, हे लंडनचे व्यापारीही मान्य करत.

बंदी नवी नव्हती

कोरं कापड बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा विचार जेम्सचा नव्हे. आठव्या हेन्रीच्या काळच्या कायद्याने 4 पौंड आणि त्यावरच्या किमतीचं पांढरं कापड अपुऱ्या अवस्थेत नेण्यास मनाई होती. हेतू असा की हलका माल जाऊ द्या, भारी माल इथे पुरा करा. पण पुढच्या दशकांत किमती वाढत गेल्या. 4 पौंडांच्या आत चांगला ताका मिळेना. कायद्यातला आकडा मात्र तोच राहिला, त्यामुळे जवळजवळ सगळा पांढरा माल कायद्याने निषिद्ध ठरला.

यावर राजसत्तेने शोधलेला उपाय म्हणजे कायदा न बदलता त्यातून सूट विकणं. 1564 मध्ये एलिझाबेथने मर्चंट ॲडव्हेंचरर्स या लंडनच्या कंपनीला दर वर्षी 30,000 कोरे ताके नेण्याचा परवाना दिला. त्याहून जास्त न्यायचे तर दरबारातल्या कृपापात्र सरदाराला मिळालेला परवाना ताक्यामागे पैसे मोजून वापरायचा. एलिझाबेथच्या अखेरीस असा परवाना कंबरलंडच्या अर्लकडे होता. 1566 मध्ये आणखी एक कायदा आला: नऊ कोरे ताके नेले तर दहावा पुरा केलेला हवा, आणि केंट व सफोकचं कापड कोरं नेऊच नये. लंडनच्या कातरकाम करणाऱ्यांच्या संघाने पुढची पन्नास वर्षं या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी अर्ज केले. अंमल ढिलाच राहिला.

मर्चंट ॲडव्हेंचरर्स ही आजच्या अर्थाने भागभांडवलाची कंपनी नव्हती. प्रत्येक सभासद आपापल्या पैशाने, आपापल्या जोखमीवर व्यापार करी. कंपनी फक्त नियम घालून देई आणि ते नियम कडक होते. ठरलेल्या पेठेतच माल उतरवायचा: या काळात हॉलंडच्या बाजूला मिडलबर्ग आणि जर्मनीच्या बाजूला हॅम्बर्ग. पेठेत सोमवार, बुधवार आणि शुक्रवारीच माल दाखवायचा. आणि किती माल न्यायचा याला वार्षिक मर्यादा: सभासद झाल्यावर पहिली तीन वर्षं 400 ताके, चौथ्या वर्षी 450, असे दर वर्षी 50 वाढत पंधराव्या वर्षी 1,000. यामुळे पेठेत एकदम माल कोसळत नसे आणि भाव टिकत. बाहेरच्यांना हे सरळसरळ मक्तेदारीचं कोंडाळं वाटे, आणि तसं ते होतंही. पण या नियमांच्या आत एक जाळं विणलेलं होतं: कोणत्या जर्मन गिऱ्हाइकाला किती महिन्यांची उधारी द्यायची, कोणाची हुंडी वठते, कोणत्या गावाला कोणता पोत हवा. ते कुठल्याही सनदेत लिहिलेलं नव्हतं.

दर्जाची तपासणीही याच जाळ्याचा भाग होती. विणकर-मालक कधीकधी ताका चौकटीवर प्रमाणाबाहेर ताणत, म्हणजे 26 वारांचा 28 वार भरे. मिडलबर्गला गिऱ्हाईक ताका पाण्यात बुडवून पाही. ओला झाला की ताणलेला ताका आटून आपल्या खऱ्या मापावर येई. मग तूट मोजून भावातून वजावट होई, तिला टेअर म्हणत, आणि ती वजावट व्यापारी परत विणकर-मालकाच्या माथी मारी. ग्लॉस्टरशरच्या दरीतल्या चौकटीवरची लबाडी समुद्रापलीकडच्या बादलीत उघडी पडत असे.

अल्डरमन कॉकेनचा प्रस्ताव

विल्यम कॉकेन हा लंडनचा बडा व्यापारी, शहराचा अल्डरमन (म्हणजे नगराच्या कारभारी मंडळाचा सभासद) आणि ईस्टलँड कंपनीतला वजनदार माणूस. ईस्टलँड कंपनी बाल्टिक समुद्राकडे व्यापार करी, आणि ती नेत असे ते सफोकचं रंगवलेलं, पुरं केलेलं कापड. म्हणजे पुरा केलेला माल विकण्याचा अनुभव कॉकेनच्या गोटाकडे खरोखर होता. फक्त तो बाल्टिकचा होता, ऱ्हाईन आणि एल्ब या नद्यांकडच्या डच-जर्मन पेठांचा नव्हता.

प्रस्ताव 1613 च्या अखेरीस दरबारात फिरू लागला. कोऱ्या ताक्यांची निर्यात बंद करा, सगळं कापड इथे रंगवू नि कातरू. हजारो कारागिरांना काम मिळेल, वाढीव किंमत देशात राहील, आणि नीळ, मॅडर, कोचिनील यांची आयात वाढून राजाला जकातीत वर्षाला 40,000 पौंड जास्त मिळतील. एकदा घडी बसली की वर्षाला 50,000 ताके पुरे करून पाठवू.

वेळ अचूक साधलेली होती. एप्रिल 1614 मध्ये भरलेली संसद राजाला एक पैही मंजूर न करता जूनमध्ये बरखास्त झाली होती. खजिना कर्जात होता. संसदेला न विचारता पैसा उभा करणारी कोणतीही योजना त्या उन्हाळ्यात जेम्सला गोड लागली असती, आणि ही योजना तर देशहिताच्या भाषेत आली होती. 23 जुलै 1614 ला फर्मान निघालं: 2 नोव्हेंबरनंतर कोरं कापड न्यायचं नाही. त्याच वर्षी लोकर बाहेर नेण्यावरही बंदी आली, म्हणजे परदेशी विणकराला इंग्रज लोकरही मिळू नये.

मर्चंट ॲडव्हेंचरर्सनी राजाला साफ सांगितलं की पुऱ्या केलेल्या इतक्या मालाला आमच्या पेठेत गिऱ्हाईक नाही. फेब्रुवारी 1615 मध्ये त्यांना आपली सनद परत करावी लागली. 1615 च्या उन्हाळ्यात किंग्ज मर्चंट ॲडव्हेंचरर्स ही नवी कंपनी कॉकेनच्या पुढाकाराने उभी राहिली.

वचनाचा हिशेब

सनदेसाठी नव्या कंपनीने हमी दिली ती अशी: पहिल्या वर्षी 6,000 पुरे ताके, दुसऱ्या वर्षी 12,000, तिसऱ्या वर्षी 18,000. मधल्या काळात बाकीचा माल कोरा नेण्याची मुभा.

हे आकडे 1566 च्या कायद्याशेजारी ठेवून बघावेत. नवास एक हे प्रमाण धरलं तर 54,000 कोऱ्या ताक्यांमागे 6,000 पुरे ताके कायद्याने आधीच देणं होतं. म्हणजे जुन्या कंपनीची सनद काढून घेऊन, शेजारच्या देशाशी वाकडं घेऊन, पहिल्या वर्षी पदरात काय पडणार होतं? जुना कायदा नेटाने राबवला असता तर जे मिळालं असतं, साधारण तेवढंच. कोऱ्या कापडाचा मोठा व्यापार मात्र आता जुन्या लोकांच्या हातून नव्या लोकांच्या हाती येत होता. या काळाच्या अभ्यासकांपैकी ॲस्ट्रिड फ्रीस यांनी मांडलं आहे की कॉकेनच्या गोटाला रंगकामापेक्षा मर्चंट ॲडव्हेंचरर्सच्या पेठांत शिरायचं होतं. वरची बेरीज-वजाबाकी पाहता मला तरी हे म्हणणं पटतं.

भांडवलाचा विचार तर जवळजवळ कोणीच केलेला दिसत नाही. उदाहरणापुरतं समजा, कोरा ताका 8 पौंडांना पडतो आणि रंग-कातरकामाला आणखी 4 पौंड लागतात. तर 18,000 ताक्यांवर 72,000 पौंड जास्तीचे गुंतले. शिवाय ताका लंडनमध्ये आणखी काही आठवडे अडकला, तेवढे दिवस व्याज चढलं. ते पैसे घालणार कोण? जुन्या सभासदांकडे पैसा होता, पण त्यांनी तो मागे घेतला. त्यांतले फार थोडे नव्या कंपनीत गेले. नव्यांपैकी अनेकांचा पैसा बाल्टिक आणि लेव्हांटच्या (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याच्या) व्यापारात आधीच गुंतलेला होता.

काय बिघडलं, कोणत्या क्रमाने

पहिला फटका डचांकडून. 1614 सालीच नेदरलँड्सच्या संसदेने हुकूम काढला: रंगवलेलं, पुरं केलेलं इंग्रज कापड आत येऊ द्यायचं नाही. कोरं आणलंत तर स्वागत. आपल्या रंगाऱ्यांची चूल विझू नये म्हणून त्यांनी केलेलं हे अगदी अपेक्षित पाऊल होतं, आणि लंडनमध्ये अनेकांनी त्याचा इशारा दिलाही होता. कॉकेनच्या गोटाचा अंदाज होता की डचांना इंग्रज कापडावाचून गत्यंतर नाही, काही महिन्यांत नमतील. डच नमले नाहीत. लायडनसारख्या गावांत त्यांचं स्वतःचं लोकरी विणकाम होतंच, त्याला यामुळे बळ मिळालं.

दुसरी अडचण रंगाची, आणि मला ती सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. कोरा ताका हा कुठल्याही गिऱ्हाइकाचा ताका असतो. न्यूरेंबर्गला या हिवाळ्यात गडद निळा चालतो की जांभळट तपकिरी, हे तिथल्या जवळच्या रंगाऱ्याला आधी कळतं. तो पांढरा ताका घेतो आणि मागणी येईल तसा रंगवतो. चार ताके या छटेत, दोन त्या छटेत. लंडनमध्ये आधीच रंगवून पाठवायचं तर सहा महिने आधी ओळखावं लागतं की कोणता रंग कुठे खपेल. अंदाज चुकला तर पांढरा ताका दुसऱ्या रंगात वळवता येतो, हिरवा झालेला ताका फार तर काळा करता येतो. आणि दमट जहाजाच्या पोटात आठवडेभर दाबून पडलेल्या तयार कापडाची लव दबते, घड्यांवर वळ उठतात, पेठेत पोचल्यावर त्याला पुन्हा हात लावावा लागतो. हॉलंडमध्ये होणारं रंगकाम फक्त डचांच्या कसबामुळे तिथे टिकून नव्हतं. गिऱ्हाइकाच्या जवळ असणं हाही त्या कसबाचाच भाग होता.

तिसरं, लंडनच्या कारागिरांची संख्या आणि हातखंडा. कातरकाम करणारे नि रंगारी होते, त्यांतले चांगलेही होते, पण हजारो ताक्यांची ऑर्डर एकदम पेलायला पुरेशा भट्ट्या, पुरेशा कात्र्या नि शिकलेले हात एका वर्षात येत नाहीत. घाईत उतरलेल्या मालाचा रंग एकसारखा नाही अशा तक्रारी पेठेतून आल्या. आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं ते लंडनचे कातरकामवालेही गाऱ्हाणं करू लागले की नवी कंपनी आम्हाला सांगितलं तेवढं काम देत नाही. कंपनीला फायदा दिसत होता कोरा माल नेण्यात, आणि ती त्याचेच परवाने मागत राहिली.

ब्लॅकवेल हॉलपासून मेंढपाळापर्यंत

गावागावांचा ताका लंडनच्या ब्लॅकवेल हॉलमध्ये येई. आठवड्याच्या ठरलेल्या दिवसांत तिथे बाजार भरे. विणकर-मालक माल आणी, निर्यातदार तो घेई, बहुधा काही महिन्यांच्या उधारीवर. विणकर-मालकाने लोकरही उधारीवर उचललेली असे. रोख फक्त एकाच ठिकाणी द्यावी लागे: सूत कातणाऱ्या बायका आणि विणकर यांची आठवड्याची मजुरी. एका रुंद मागाला पुरेल इतकं सूत हाताने कातायला अनेक माणसं लागत, म्हणून एक माग थांबला की दोन विणकर बसत आणि त्यांच्या मागे कितीतरी घरांतले चरखे.

1615 मध्ये हॉलमध्ये ताके साचू लागले. जुन्या निर्यातदारांना घ्यायचा अधिकार नव्हता, नव्यांना घ्यायला पैसे नव्हते. साचलेल्या मालाचा भाव पडला. विणकर-मालकाला लोकरवाल्याचे पैसे देता येईनात, लोकरवाल्याने नवी उधारी थांबवली, लोकरीचा भाव उतरला आणि त्याबरोबर मेंढ्या पाळणाऱ्या जमिनींचे खंड वसूल होईनात. शेवटी ही झळ जमीनदारांपर्यंत पोचली, म्हणजे राजाच्या सल्लागारांच्या घरापर्यंत. ग्लॉस्टरशर, विल्टशर, वूस्टरशर इथून बेकार विणकरांचे नि मालकांचे अर्ज राजमंडळाकडे येऊ लागले. राजमंडळाने नव्या कंपनीला हॉलमधला माल उचलण्याचा तगादा लावला. फर्मानाने कोणाला विकण्यापासून थांबवता येतं. ज्याच्या थैलीत पैसे नाहीत आणि पुढे गिऱ्हाईक नाही त्याला खरेदी करायला लावणं मात्र जमलं नाही.

खुद्द राजाचं काय झालं? इंग्रज व्यापाऱ्याला एका ताक्यावर 6 शिलिंग 8 पेन्स जकात पडे, म्हणजे तीन ताक्यांना बरोबर 1 पौंड. 1614 ते 1616 मध्ये घट सुमारे 39,000 ताक्यांची. गठ्ठे गुंडाळायला वापरलेल्या कापडाला मिळणारी जकातीची सूट सोडून दिली तर जकातीत साधारण 13,000 पौंडांची तूट. जकात तेव्हा मक्त्याने दिलेली होती, त्यामुळे ही तूट आधी मक्तेदारांच्या अंगावर आली, आणि तुटीचं निमित्त असताना मक्तेदार सूट मागायला राजाच्याच दारात येणार हे उघड होतं. आश्वासन होतं वर्षाला 40,000 पौंड वाढीचं.

शेवटचं वर्ष

जून 1616 मध्ये कॉकेनने राजाला आपल्या घरी मेजवानी दिली. सोन्याच्या पात्रात 1,000 पौंड नजर केले. त्याच प्रसंगी जेम्सने त्याला सर ही पदवी दिली. रंगारी आणि कातरकामवाले यांची रूपं घेतलेल्या पात्रांचा खेळही झाला. त्या वेळी पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत माग थांबलेले होते.

फ्रान्सिस बेकन तेव्हा राजाचा ॲटर्नी जनरल होता. सुरुवातीला योजनेला अनुकूल असलेला हा माणूस नव्या कंपनीचं वागणं पाहून साशंक होत गेला. राजाचा वरिष्ठ न्यायाधीश एडवर्ड कोक तर आधीपासून विरोधात होता. 1616 च्या अखेरीस राजाच्याही लक्षात आलं की हमी पुरी होणार नाही. 1617 च्या आरंभी नव्या कंपनीची सनद संपली आणि ऑगस्ट 1617 च्या फर्मानाने मर्चंट ॲडव्हेंचरर्सना त्यांचे हक्क परत मिळाले. फुकट नव्हे. राजाला आणि दरबाऱ्यांना मोठी रक्कम मोजावी लागली, आणि ती भरून काढायला कंपनीने सभासदांच्या प्रत्येक ताक्यावर पट्टी बसवली. पट्टी शेवटी कोणाकडून वसूल झाली असेल? ब्लॅकवेल हॉलमध्ये ताका विकणाऱ्याला तेवढा भाव कमी मिळाला. ज्या विणकर-मालकांनी योजनेमुळे सोसलं, त्यांनीच ती मोडण्याचा खर्चही सोसला. या प्रकरणातली सगळ्यांत अन्यायाची गोष्ट मला हीच वाटते.

1618 मध्ये निर्यात पुन्हा एक लाखावर गेली, 1614 च्या आकड्याला मात्र पोचली नाही. 1622 मध्ये तर ती 76,000 च्या आत होती. पण 1620 च्या दशकातल्या मंदीचं सगळं खापर कॉकेनवर फोडणं बरोबर नाही. 1618 मध्ये जर्मनीत तीस वर्षांचं युद्ध पेटलं, आणि जर्मन व पोलिश राज्यांनी आपल्या नाण्यातली चांदी इतकी उतरवली की इंग्रज कापड तिथल्या गिऱ्हाइकाला अचानक महाग झालं. योजनेने केलं ते असं की वादळाआधीच जहाजाचं शीड फाडून ठेवलं: तीन वर्षं तुटलेली उधारी, दुरावलेली गिऱ्हाइकं आणि सावध झालेले डच.

कॉकेनचं स्वतःचं फारसं बिघडलं नाही. 1619 मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

नियमांत खरा बदल आला तो 1624 मध्ये. मंदीच्या चौकशीनंतर आणि संसदेच्या दबावाखाली मर्चंट ॲडव्हेंचरर्सची मक्तेदारी पांढऱ्या कोऱ्या कापडापुरती ठेवली गेली. रंगवलेलं, पुरं केलेलं कापड, करसी (अरुंद, स्वस्त लोकरी कापड) आणि हलक्या नव्या जातींची वस्त्रं जर्मनीत व नेदरलँड्समध्ये न्यायला इतर इंग्रज व्यापाऱ्यांनाही वाट मोकळी झाली. कोरा ताका आणि रंगीत ताका हे दोन वेगळे व्यापार आहेत, त्यांची माणसं वेगळी, पेठा वेगळ्या, भांडवल फिरायचा काळ वेगळा, हे तेव्हा पहिल्यांदा नियमात उतरलं. दहा वर्षांनी, 1634 मध्ये, कंपनीने आपले जुने हक्क पुन्हा मिळवले.